'ॲडयूजर': खातं उघडताना थांबून विचारणारी आज्ञा

एका संशोधन संस्थेचा सामाईक सर्व्हर गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, जुने जातात, मधूनच पाहुणे संशोधक येतात, आणि प्रत्येकाला खातं लागतं. ही सगळी खाती मी एकाच आज्ञेने उघडत आले आहे, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 'ॲडयूजर'ने. उबंटूवरही तीच मिळते. रोज हाताखाली असलेल्या या आज्ञेबद्दल एकदा नीट बसून लिहायचं होतं. (आज्ञा आणि लॉगिन नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. मशीनवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच टाकायची.)

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, तेही सांगणार आहे.

पहिला घोळ नावाचाच. 'ॲडयूजर' आणि 'यूजरॲड' या दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत, आणि नवशिक्या माणसाच्या हातून त्यांची अदलाबदल होतेच. 'यूजरॲड' ही खालच्या पातळीवरची, जवळपास प्रत्येक लिनक्सवर सापडणारी. 'ॲडयूजर' ही तिच्यावर बसवलेली, पर्ल या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट. तिचं मूळ रूप १९९४ सालचं, डेबियन सुरू करणाऱ्या इयान मर्डॉक यांचं. डेबियनवर 'यूजरॲड'चं मॅन्युअल उघडलंत तर त्यातच लिहिलेलं दिसेल की प्रशासकांनी शक्यतो 'ॲडयूजर' वापरावी. रेड हॅटच्या घराण्यातल्या प्रणालींवर मात्र 'ॲडयूजर' टाइप केलं तरी आतून 'यूजरॲड'च चालते, त्यामुळे पुढचं सगळं तिथे लागू नाही.

दोन्हींतला फरक मला पहिल्याच महिन्यात कळला. एका विद्यार्थ्याचं खातं मी 'यूजरॲड'ने उघडलं, पासवर्ड दिला आणि त्याला निरोप धाडला. दहा मिनिटांत तो दारात. लॉगिन होतंय, पण होम डिरेक्टरी (खात्याची स्वतःची जागा) सापडत नाही असा संदेश येतो, समोर नुसतं डॉलरचं चिन्ह दिसतं, आणि मागची आज्ञा परत आणायला वरचा बाण दाबला की चौकोनी कंस आणि 'ए' असलं काहीतरी उमटतं. कारण डेबियनवर 'यूजरॲड'ला वेगळं सांगितल्याशिवाय ती होम डिरेक्टरी बनवत नाही, आणि शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) म्हणून साधं 'एसएच' देते, 'बॅश' नाही. आज्ञेचं काही चुकलं नव्हतं. जेवढं सांगितलं तेवढं तिने केलं, आणि काय सांगायचं राहिलं हे मला ठाऊक नव्हतं. त्या मुलाचा सर्व्हरवरचा तो पहिलाच दिवस होता, आणि आपलंच काहीतरी चुकलंय असं त्याला वाटत होतं. ते मला फार लागलं.

'ॲडयूजर'ला लॉगिन नाव दिलं की ती काय काय करते आहे ते एकेक ओळीत सांगत जाते. अमुक वापरकर्ता जोडते आहे, त्याच नावाचा गट अमुक क्रमांकाने जोडते आहे, होम डिरेक्टरी बनवते आहे, 'स्केल' डिरेक्टरीतल्या फाइली तिथे कॉपी करते आहे. मग पासवर्ड दोनदा विचारते, नंतर पूर्ण नाव वगैरे माहिती, आणि शेवटी 'ही माहिती बरोबर आहे का?' या ओळी मी आजही वाचते. क्रमांक एक हजाराच्या पुढचा आहे ना, होम डिरेक्टरी योग्य डिस्कवर बनते आहे ना, हे तिथेच दिसतं.

'स्केल'बद्दल दोन शब्द. हा नव्या घराचा साचा. त्यात जे ठेवाल ते प्रत्येक नव्या खात्यात आपोआप येतं. मी तिथे एक छोटी मजकुराची फाइल ठेवली आहे: बॅकअप कधी होतो, कशाचा होत नाही, जागा किती मिळते, मोठा डेटा कुठे ठेवायचा. लोक ती वाचतात. निदान काही अडलं की 'त्या फाइलीत असेल' हे त्यांना आठवतं.

आता या आज्ञेचा मला सगळ्यात आवडणारा भाग, नावाची चाळणी. मूळ सेटिंगप्रमाणे लॉगिन नावाचं पहिलं अक्षर रोमन लहान अक्षरच हवं, पुढे लहान अक्षरं, अंक, आडवी रेघ किंवा खालची रेघ चालते. मोठी अक्षरं, टिंब, सुरुवातीला अंक, यांतलं काहीही टाकलं की ती नकार देते आणि नियम कुठल्या सेटिंगमध्ये आहे तेही सांगते. नवे लोक यावर वैतागतात. सगळीकडे तर टिंब चालतं, इथेच काय झालं, असं विचारतात. प्रत्येक नियमामागे खरं कारण आहे, आणि ते सांगितलं की वैताग जातो असा माझा अनुभव आहे.

टिंबाचं कारण असं. फाइलीची मालकी बदलणाऱ्या 'सीएचओन' या आज्ञेत पूर्वी मालक आणि गट यांच्यामध्ये टिंब देत. नावातच टिंब आलं तर मालकाचं नाव कुठे संपलं हे कळायचं कसं? पुढे टिंबाच्या जागी अपूर्णविराम आला, पण जुन्या स्क्रिप्टा अजून जिवंत आहेत. मोठ्या अक्षरांची गोष्ट तर टेलिटाइपच्या काळातली. काही टर्मिनलांवर फक्त मोठीच अक्षरं असत. त्यामुळे कुणी लॉगिन नाव सगळं मोठ्या अक्षरांत टाकलं, की समोरचं यंत्र तसलंच आहे असं युनिक्स धरून चाले आणि पुढचा सगळा व्यवहार त्या रीतीने करू लागे.

अंकाचं कारण अलीकडचं आणि जास्त गंभीर. प्रणालीला नावाशी देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे एक क्रमांक, यूआयडी. नाव माणसांच्या सोयीसाठी, आणि रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, रूटपण देतो तो शून्य क्रमांक. दोन नावांना एकच क्रमांक दिला तर प्रणालीसाठी तो एकच माणूस. म्हणून जिथे नाव किंवा क्रमांक यांतलं काहीही चालतं तिथे अंकाने सुरू होणारं नाव गोंधळ घालतं. २०१७ साली 'सिस्टमडी'मध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अशाच नावावरून घोळ उघडकीला आला. सेवेच्या फाइलीत शून्याने सुरू होणारं वापरकर्त्याचं नाव दिलं, तर ते नाव अवैध ठरवून ती ओळच सोडून दिली जाई, आणि सेवा थेट रूटच्या अधिकारात चाले. सुरक्षेतली त्रुटी म्हणून त्याची रीतसर नोंद झाली. चाळणीला बगल देण्याचा पर्याय 'ॲडयूजर'मध्ये आहे. बारा वर्षांत मी तो एकदाही वापरलेला नाही.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर नाव ३२ अक्षरांपर्यंत चालतं. जुन्या युनिक्सवर मर्यादा आठची होती, आणि तिची सावली अजून पडलेली दिसते. चालू कामांची यादी दाखवणारी 'टॉप' चालवून बघा, लांब नावं कापून शेवटी अधिकचं चिन्ह लावलेलं असतं. आमच्याकडे एका गटातल्या तिघांची नावं पहिल्या सात अक्षरांपर्यंत सारखी होती, आणि सर्व्हरवर ताण आला की नेमकं कुणाचं काम चाललंय ते त्या यादीवरून कळेना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आठांत बसवा.

आधीपासून घेतलेल्या नावांचीही ती दखल घेते. एका संशोधकाला आपली आद्याक्षरं, एल आणि पी, एवढंच नाव हवं होतं. 'ॲडयूजर' म्हणाली, हा वापरकर्ता आधीच आहे. त्याला वाटलं दुसऱ्या कुणी ते पटकावलं. 'एलपी' हे छपाईचं खातं, यूआयडी सात, डेबियन बसवल्या क्षणापासून तिथे असतं. 'मॅन', 'न्यूज', 'मेल', 'गेम्स', 'बॅकअप', 'लिस्ट' हीसुद्धा तशीच. 'स्टाफ' हे वापरकर्त्याचं नाव नाही, पण त्या नावाचा गट आहे, आणि 'ॲडयूजर' प्रत्येकासाठी त्याच्याच नावाचा गट बनवत असल्यामुळे तेही मिळत नाही. त्या संशोधकाला मी पासवर्डची फाइल उघडून ती ओळ दाखवली. अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्डच्या जागी 'एक्स', यूआयडी, गट, माहिती, होम, शेल. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आडनावाची तीन अक्षरं जोडून नवं नाव घेतलं, आणि तेच आज त्याच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आहे.

नाव कसं निवडावं हे कुठलीही आज्ञा सांगत नाही. ते आपण ठरवायचं, आणि इथे आमच्या संस्थेकडून चूक झालेली आहे. माझ्या आधीपासूनचा नियम होता: नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, जुळलं तर पुढे दोन. एका वर्षी दोघी आल्या, पहिलं अक्षर तेच, आडनाव तेच. जिचा अर्ज आधी आला तिला साधं नाव मिळालं, दुसरीच्या नावापुढे दोनाचा आकडा लागला. पाच वर्षं त्या आकड्यासह ती जगली. तिची मेल पहिलीला जायची, पहिलीचे निरोप तिला यायचे. निघताना ती मला म्हणाली, 'मला कुणीतरी विचारलं असतं तर मी वेगळं नाव सुचवलं असतं.' त्यानंतर मी नियम बदलला. आता प्रत्येकाकडून तीन नावं मागवते, पसंतीच्या क्रमाने, आणि दोन दिवस विचार करायला देते. एवढंच सांगते की हे नाव मेलच्या पत्त्यात येईल, होम डिरेक्टरीच्या मार्गात येईल, तुम्ही ते दिवसातून दहादा टाइप कराल आणि सहज बदलता येणार नाही.

सहज बदलता येत नाही, म्हणजे काय ते सांगते. इथेच माझा एक तारा गेला. नाव बदलायला 'ॲडयूजर'च्या कुटुंबात आज्ञाच नाही. 'यूजरमॉड' घ्यावी लागते, आणि ती पासवर्डच्या फाइलीतलं नाव बदलून थांबते. एका संशोधिकेने आपलं नाव कायदेशीररीत्या बदललं आणि जुन्या नावाने लॉगिन करणं तिला नको होतं. मागणी अगदी रास्त होती. मी संध्याकाळी बसले. पहिला अडथळा: वापरकर्ता अमुक प्रक्रियेत आहे म्हणून नकार. तिचं तीन आठवड्यांचं गणित चालू होतं, ते संपेपर्यंत थांबलो. मग नाव बदललं. गटाचं नाव जुनंच राहिलं, ते 'ग्रुपमॉड'ने. होम डिरेक्टरी जुन्याच नावाची, ती वेगळी हलवली. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची 'क्रॉन'ची फाइल लॉगिन नावाने ठेवलेली असते, तिला नवं नाव दिलं. रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या 'सुडो'च्या यादीत जुनं नाव. मेलपेटी जुन्या नावाची. आणि एवढं झाल्यावर सकाळी तिचा फोन: पायथॉनची आभासी वातावरणं (प्रत्येक कामासाठी वेगळे ठेवलेले पॅकेजांचे संच) सगळी बंद, कारण त्यांच्या आत होम डिरेक्टरीचा जुना मार्ग कोरलेला होता. पुढचे दोन दिवस आम्ही ती पुन्हा बांधली. तिने एकदाही कुरकुर केली नाही, पण नाव बदलणं ही माणसाच्या आयुष्यातली साधी गोष्ट आहे आणि तिला एवढा खटाटोप पडू नये, असं मला मनापासून वाटतं. जी आज्ञा खातं उघडताना एवढी काळजी घेते तिच्या शेजारी नाव बदलणारी तेवढीच काळजीवाहू आज्ञा असायला हवी होती.

खातं बंद करण्याबाबत तर नीट लक्ष द्यावं लागतं. 'डेलयूजर' ही जोडीदार आज्ञा खातं काढते, होम डिरेक्टरी मात्र सांगितल्याशिवाय काढत नाही. हे योग्यच आहे. पण 'ॲडयूजर' नवा यूआयडी देताना पहिला मोकळा क्रमांक उचलते. 'यूजरॲड' सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा घेते, मधली मोकळी जागा भरत नाही. हा फरक मला माहीत नव्हता. एका पाहुण्या संशोधकाचं खातं मी होमसकट काढलं, पण सामाईक डिस्कवर त्याच्या फाइली राहिल्या. तीन आठवड्यांनी एक विद्यार्थिनी आली. तिला तोच क्रमांक मिळाला, आणि त्या सगळ्या फाइली तिच्या मालकीच्या दिसू लागल्या. तिने स्वतःहून येऊन सांगितलं, 'या माझ्या नाहीत, मी उघडल्या नाहीत.' एखाद्याने त्या उघडल्या असत्या, खोडल्या असत्या. त्यात दुसऱ्याचं अप्रकाशित संशोधन होतं.

तेव्हापासून मी खाती काढत नाही, बंद करते. तेही दोन पायऱ्यांनी. 'यूजरमॉड'ने नुसतं कुलूप लावलं तर पासवर्ड बंद होतो, एसएसएच किल्लीने (पासवर्डऐवजी चालणाऱ्या ओळखीच्या फाइलीने) आत येणारा तरीही येतो. म्हणून खात्याची मुदतही संपवायची. आणि काढायचंच असेल तर आधी 'फाइंड'ने त्या माणसाच्या सगळ्या फाइली शोधून त्यांची सोय लावायची. मालक नसलेल्या फाइली शोधायचा 'नोयूजर' हा पर्यायही 'फाइंड'मध्ये आहे. तो मी महिन्यातून एकदा चालवते.

माहितीचे प्रश्न हा तिचा जुनाट भाग: पूर्ण नाव, खोली क्रमांक, कामाचा फोन, घरचा फोन, इतर. हे सगळं पासवर्डच्या फाइलीतल्या 'जीकॉस' रकान्यात स्वल्पविरामांनी जाऊन बसतं. रकान्याचं नाव जनरल इलेक्ट्रिकच्या जुन्या प्रणालीवरून आलेलं. बेल लॅब्समध्ये छपाईसारखी कामं त्या यंत्राकडे पाठवायला लागणारी ओळख पूर्वी तिथे ठेवत. आज त्या यंत्राचा मागमूस नाही, पण घरचा फोन विचारणं चालू आहे. आणि ती फाइल सर्व्हरवरच्या प्रत्येकाला वाचता येते. मी पूर्ण नावाखेरीज काही भरत नाही, कुणी सांगितलं तरी.

होम डिरेक्टरीची परवानगीही एकदा तपासून घ्या. जुन्या आवृत्त्यांत ती इतरांना वाचता येईल अशी बनायची. उबंटूने २१.०४ पासून ती ७५० केली, म्हणजे परक्याला दार बंद. जुना सर्व्हर असेल तर सेटिंगच्या फाइलीत 'डिर मोड' हाताने बदला.

गटांसाठी ही आज्ञा मी डोळे मिटून सुचवेन. 'ॲडयूजर', मग वापरकर्त्याचं नाव, मग गटाचं नाव, झालं. हेच 'यूजरमॉड'ने करताना 'ए' हा पर्याय विसरलात तर नवा गट मिळतो आणि बाकीचे सगळे गट जातात. मी एकदा विसरले आणि सहकाऱ्याचा 'सुडो'चा अधिकार गेला. दुपारभर तो स्वतःचं काय बिघडलं ते शोधत होता.

एकदम साठ खाती उघडायची तर स्क्रिप्टमधून प्रश्न बंद करून चालवता येते, पासवर्ड 'सीएचपासवर्ड'ने देता येतात, आणि पहिल्या लॉगिनला बदलायची सक्ती 'चेज'ने. माझ्या मते मात्र एकेकाला समोर बसवून उघडणं शक्य असेल तर तसंच करावं.

गेल्या सोमवारी एक नवी विद्यार्थिनी आली. नावांची चिठ्ठी तिने दोन दिवस आधी दिली होती, पहिलं नाव मोकळं होतं. मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. पासवर्ड तिने टाकला, पूर्ण नाव तिने टाकलं. 'ही माहिती बरोबर आहे का?' आलं तेव्हा ती थांबली, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, आडनावात एक अक्षर राहिलं. 'एन' दाबलं, प्रश्न पहिल्यापासून आले, तिने दुरुस्त केलं. लॉगिन नाव त्या प्रश्नाच्या कक्षेत येत नाही, ते खातं तोवर तयार झालेलं असतं. म्हणून एंटर दाबण्याआधी मी तिला ते मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लावलं होतं. सात अक्षरं. चिठ्ठी मी तिच्या अर्जाला जोडून ठेवली आहे.